सुभेदार सिंगारमच्या बढाया

माझे सासरे थापाडे म्हणून अख्ख्या तमिळनाडूत प्रसिद्ध आहेत. आमच्या साताऱ्याकडं सासऱ्याची अशी ख्याती कानावर आली तर लोक सोयरीक मोडतील, पण मी मान वर करून सांगते. रोज संध्याकाळी एका तमिळ वाहिनीवर सोसायटीतल्या गमतीजमतींची मालिका लागते. तिच्यात तळमजल्यावर राहणारा सुभेदार सिंगारम म्हणजे आमचे अप्पा, त्र्यंबकराव. मिशी खोटी, छातीवरची पदकं खोटी, आणि तोंडातून निघणारं प्रत्येक वाक्य त्याहून खोटं.

शत्रूचा रणगाडा बंद पडला, चालवणारा रडकुंडीला आला, तेव्हा सिंगारमनं म्हणे दया येऊन त्याला धक्का मारून दिला. फक्त तोंड आधी उलटं फिरवलं. जनरलसाहेब म्हणे अजून सिंगारमला विचारल्याशिवाय चहात साखर घालत नाहीत. एवढं सांगून होतंय तोवर भिंतीवरून पाल खाली पडते आणि सुभेदारसाहेब सोफ्यावर चढतात. सगळं मद्रास हसतं. आमच्या पेरुंगुडीच्या भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत जो तो अप्पांना बघून सॅल्यूट ठोकतो, आणि अप्पा लाजून पिशवीत तोंड घालतात.

कारण घरातले अप्पा म्हणजे मुखदुर्बळ माणूस. भाजीत मीठ नसलं तरी बोलणार नाहीत. मद्रासजवळच्या आवडी गावच्या कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झाले, तिथल्या हौशी मंडळातून नाटकं केली, आणि सासूबाई गेल्यावर घर खायला उठलं तसे टीव्हीकडं वळले. सुरुवातीला सिंगारमचं काम एवढंसं होतं. पार्किंगवरून भांडणारा एक रिटायर्ड म्हातारा, बस्स. पहिल्याच दिवशी अप्पांनी संवाद संपल्यावर आपल्या पदरची एक थाप जोडली. कॅमेरामन हसला म्हणून दिग्दर्शकानं ती ठेवली. मग लेखकच विचारायला लागले, ‘सर, आज काय टाकायचं?’ असं होता होता सिंगारम मालिकेचा जावई झाला.

आता ऐका. त्या सेटवर एका जिवालाही ठाऊक नव्हतं की अप्पा खरोखरच फौजेत होते. एकाहत्तरच्या लढाईत होते.

मलाही कुठं ठाऊक होतं! लग्नाला चांगली दोन-तीन वर्षं झाली होती. डाव्या कानानं ऐकू येत नाही म्हणून त्यांना डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, “कारखान्यात फार आवाज असायचा का?” अप्पा म्हणाले, “कारखान्यांत नाहीं. एकाहत्तर सालीं. तोफ जवळ फुटली.” मी खुर्चीतून पडायचीच बाकी होते. घरी येऊन नवऱ्याला, विश्वेशला, धारेवर धरलं. तो म्हणाला, “हो, अप्पा काही वर्षं मिलिटरीत होते. त्यात काय सांगायचं?” घ्या! आमच्याकडं घरटी एक फौजी, आणि प्रत्येकाच्या दारावर नावाआधी हुद्दा. माझे चुलते कॅन्टीनमध्ये होते, तरी गावात त्यांची मिरवणूक निघाली होती. आणि इथं हे महाशय लढाई करून आले ते जणू रेशन आणायला गेले होते.

तेव्हापासून मी अप्पांना किती खोदून विचारलं! तंजावरची मराठी त्यांची, शब्द जुने, हेल तमिळ, ‘सगळे’ म्हणायला ‘अस्के’ म्हणतात, ‘बरं’ म्हणायला ‘सरि’. एवढंच म्हणायचे, “अस्के गेले, मीही गेलों. सरि, भात वाढ मा.” विषय संपला.

डिसेंबरात, विजय दिवसाच्या आसपास, एक व्हिडिओ फिरायला लागला. कुणा पोरानं आपल्या यूट्यूबसाठी नुंगंबाक्कम भागातल्या सरोजिनी नावाच्या एका वृद्ध बाईची मुलाखत घेतली होती. नवरा एकाहत्तरला गेलेला. बाई रेल्वेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली, ताठ बसलेली, मांडीवर नवऱ्याचा फोटो. पोरानं काही गोडगोड विचारलं, तर ती थेट कॅमेऱ्यात बघून तमिळमध्ये म्हणाली, “माझे यजमान लढायला गेले ते परत आले नाहीत. आणि रोज संध्याकाळी एक विदूषक त्यांचा कोट घालून उड्या मारतो, त्याला तुम्ही हसता. माझ्या घरात हसू येत नाही. बंद करा ते.”

झालं! ज्यानं त्यानं तो व्हिडिओ पुढं ढकलला. काल सॅल्यूट ठोकणारे आज खाली शिव्या लिहायला लागले. मालिकेचे निर्माते सत्यनारायण, त्यांना सगळे सत्या सर म्हणतात, त्यांनी गिंडीच्या शूटिंगच्या शेडमध्ये अप्पांना बोलावून घेतलं. ने-आण माझ्याकडं असते म्हणून मीही होते. सत्या सर म्हणाले, “वाहिनी घाबरली आहे. सर, तुम्ही त्या बाईंच्या घरी जा, पाया पडून माफी मागा, आम्ही शूट करू आणि दाखवू. नाहीतर सिंगारमला पुतण्याकडं अमेरिकेला पाठवावं लागेल.”

मालिकेत माणूस नकोसा झाला की त्याला अमेरिकेला पाठवतात. तिथून कुणी परत आलेलं मी बघितलेलं नाही.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. गाडीत बसल्या बसल्या म्हटलं, “अप्पा, एक शब्द बोला. मी स्वतः लढाईत होतो, म्हणा. विषय मिटला. कोण तोंड वर करून बोलेल तुम्हाला?”

अप्पा म्हणाले, “तो व्हिडिओ मला दाखव.”

त्यांनी तोवर तो बघितलाच नव्हता. मी मोबाइल हातात दिला. ते बघत राहिले. बाई बोलायची थांबली, तरी हे बघत होते. मग दोन बोटांनी चित्र ओढून मोठं केलं, बाईच्या मांडीवरचा फोटो पडदाभर झाला. लष्करी टोपीतला एक तरणा पोरगा, ओठ घट्ट मिटलेले.

“हा वादिराज,” ते म्हणाले. “यामिनी, सिंगारम म्हणजे हाच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीत कॉफी घेताना त्यांनी सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि न विचारता.

पलटणीत तंजावरच्या मराठी घरांतले हे दोघंच. बाकी सगळे तमिळ, मल्याळी. त्यामुळं दोघं आपसात घरची मराठी बोलायचे. लढाई पूर्वेला, पाणथळ मुलखात. खंदक खणला की खालून पाणी यायचं, कमरेइतक्या चिखलात उभं राहायचं आणि वरून तोफा. “मी भ्यालों,” अप्पा म्हणाले. “मा, मी असा भ्यालों की दांतावर दांत राहीना. पळून जायचं म्हणून ठरवलों. खरंच ठरवलों होतों.”

आणि शेजारी वादिराज. त्याचं तोंड म्हणून बंद नाही. खंदकात पाणी चढलं तर म्हणायचा, ‘आजपासून मला नौदलांत घेतले, जनरलचा निरोप आला.’ डोक्यावरून गोळी गेली तर म्हणायचा, ‘तिला सांगितलों, जेवतोंय, मग ये. शहाणी आहे, परत गेली.’ अप्पांना हसू फुटायचं. भीतीनं रडणारा माणूस हसायला लागला की पळायचं विसरतो. असे कितीतरी दिवस. मग एकदा पाठीमागून जेवणाचे डबे आणायला वादिराज गेला आणि वाटेत तोफगोळा पडला. डबेसुद्धा सापडले नाहीत.

“मी जिवंत आहें, तुझा नवरा जन्मला, तू ह्या घरांत आलीस, अस्के त्याच्या थापांमुळें,” अप्पा म्हणाले. “त्याचे उपकार कसे फेडूं? मला दुसरं काय येतें? नाटक येतें. पार्किंगवर भांडणारा म्हातारा दिले मला, त्याच्या तोंडांत मी वादिराज घातलों. रोज संध्याकाळीं तो बोलतो, लोक हसतात. मला वाटलें, चला, तो आहे.”

मी विचारलं, “त्यांच्या बायकोला कधी भेटला नाहीत?”

लढाईनंतर एकदा गेले होते तंजावरला. वादिराजच्या घराला कुलूप. सून माहेरी गेली, एवढंच शेजारी म्हणाले, आणि म्हातारा-म्हातारी मुलाच्या धक्क्यानं तीर्थाला गेली होती. हे तिथूनच परत फिरले. “मी वांचून आलों, तो नाहीं आला. तिला काय तोंड दाखवूं?”

“आता दाखवा ना! जाऊन सांगा तिला सगळं. म्हणावं, बाई गं, तू ज्याला विदूषक म्हणतेस तो तुझाच नवरा!”

अप्पांनी मान हलवली. “नको मा. सिंगारम बंद झाला तर होऊं दे. पण इतकीं वर्षें ती फोटोतल्या वीराबरोबर राहिली. आतां मी जाऊन सांगूं, तो थापाड्या होता म्हणून? तिच्याकडें तेवढंच आहे. तें मी मोडणार नाहीं. क्षमा मागेन आणि येईन.”

“आणि तिला जन्मभर वाटत राहील की तुम्ही फौजींची टर उडवलीत?”

“तेंच एक लागतें मनाला,” अप्पा म्हणाले, आणि पेल्यातली कॉफी तशीच ठेवून आत गेले.

कॅमेरा मात्र मला काही केल्या नको होता. सत्या सरांना मी सांगितलं, बाईंनी संध्याकाळची वेळ दिलीय. खरं तर बाईंना काही विचारलंच नव्हतं. यूट्यूबच्या पोराकडून पत्ता मिळवून सकाळीच अप्पांना गाडीत घातलं आणि नुंगंबाक्कमला गेलो. कपड्यांच्या मोठमोठ्या दुकानांच्या मागं एक बोळ आहे, तिथं भावाच्या जुन्या घरात ती राहते. भाचेसुनेनं दार उघडलं, सुंदरी तिचं नाव. अप्पांना बघताच ती एकदम हसली, मग जीभ चावली आणि आत वळून आत्तेसासूला म्हणाली, “अत्तै, ते आलेत. टीव्हीतले.”

सरोजिनीबाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. समोरच्या भिंतीवर तो फोटो, चंदनाचा हार घातलेला, काच लख्ख. त्यांनी अप्पांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोराकडं बघावं तसं.

“मिशी कुठे आहे?” त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

“ती खोटी आहे,” अप्पा म्हणाले. आणि पुढं, कसं कोण जाणे, कदाचित फोटोकडं नजर गेली म्हणून, घरच्या मराठीतच बोलले, “अम्मा, माझ्यामुळें तुम्हांला दुःख झालें. क्षमा करा.”

बाई चमकल्या. “तुम्ही आमचे कीं? तंजावरचे?”

“होय.”

“मग तर जास्तीच लाज वाटायला हवी होती,” बाई म्हणाल्या. त्यांच्या मराठीत तंजावर होतंच, पण शिक्षिकेची धारही होती. “तें सोंग बंद करणार?”

“करतों.”

“सरि. कॉफी पिऊन जा.”

संपलं! एवढंच! अप्पांनी हात जोडले आणि खाली मान घालून बसले. सुंदरीनं कॉफी आणून ठेवली. मी एकदा त्या फोटोकडं बघितलं, एकदा अप्पांच्या वाकलेल्या मानेकडं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अप्पांनी मला गाडीत दोनदा बजावलं होतं की तू बोलायचं नाहीस. पण साताऱ्याची माणसं आम्ही, पोटात राहत नाही.

“मामी,” मी म्हटलं, “माफी मिळाली ना तुम्हाला? आता माझं ऐका. हे त्याच खंदकात होते. तुमच्या यजमानांच्या शेजारी.”

“यामिनी!” अप्पा ओरडले. त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

सरोजिनीबाई जागच्या हलल्या नाहीत. फक्त खुर्चीचे हात घट्ट धरले. “खरं?”

“होय, वैनी.”

“त्यांच्याबरोबर होतांत,” बाई सावकाश म्हणाल्या. “त्यांच्याबरोबर जेवलांत. आणि त्यांच्याच मरणाचा असा तमाशा मांडलांत?”

मेले मी! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बरं करायला गेले आणि होतं नव्हतं तेही घालवून बसले. बाईंचे डोळे असे झाले होते की अप्पांना आता घराबाहेर काढतात की काय असं मला वाटलं. अप्पांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते उठून बाईंच्या खुर्चीपाशी गेले आणि गुडघे दुखत असतानाही खाली जमिनीवर बसले.

“तमाशा नाहीं, वैनी,” ते म्हणाले. “तो असाच होता. सिंगारम बोलतो तें अस्के वादिराजचं आहे. माझं एक वाक्य नाहीं त्यांत.”

“खोटं,” बाई म्हणाल्या. “कुणाबद्दल सांगतां आहांत तुम्ही? लग्नाला म्हणून रजेवर आले, रजा संपेपर्यंत एका घरांत होतों. माझ्याशीं बोलले काय? ‘पाणी’. ‘सरि’. ‘हां’. सासू ओट्यावर, सासरे पुढल्या खोलींत, मोठ्यांसमोर नवी जोडपीं बोलत नसत, तें मला ठाऊक आहे. पण नुसतं बघायला काय जात होतं? बघतसुद्धां नसत. मी समोर आले कीं तोंड भिंतीकडें. तो माणूस बोलणारा नव्हता.” मग आवाज खाली आला. “निदान माझ्याशीं नव्हता.”

ते शेवटचं ऐकलं आणि माझा सगळा राग उतरला. ही बाई फौजेच्या अब्रूसाठी भांडत होती हे खरंच, पण तिचं स्वतःचंही काहीतरी आत अडकलं होतं. ते तिनं यूट्यूबवाल्या पोराला सांगितलं नव्हतं, आणि इतक्या वर्षांत बहुधा कुणालाच नाही.

अप्पांनी मान वर केली, छाती फुगवली, आणि सिंगारमचा तो आवाज काढला. पण सेटवर काढतात तसा मोठा नाही. शेजारी उभ्या असलेल्या एकाच माणसाला ऐकू जावा एवढाच.

“‘काय सांगूं त्र्यंबक, माझ्या लग्नांत सप्तपदीला माझी बायको माझ्या पायावर पाय ठेवली. नुकतीं घातलेलीं जोडवीं, त्यांसकट! नख निळं झालें. मी हूं कीं चूं केलों नाहीं. भटजी कानांत म्हणाला, हा पोरगा पुढें जनरल होणार. आतां तूंच सांग, तो पाय सोसलेल्या माणसाला रणगाडा काय करणार?’”

सरोजिनीबाईंचा हात तोंडावर गेला.

“हें ते सांगितले?” त्या म्हणाल्या. “हें कुणाला ठाऊक नाहीं. मी माझ्या आईलासुद्धां सांगितलें नाहीं.”

“रोज सांगायचा. रोज थोडं वाढवून. शेवटीं शेवटीं तर हाड मोडलें होतें आणि हा एका पायावर उड्या मारत सात पावलें पुरीं केला होता.”

“हाड कुठलें मोडलें! जरा लागलें होतें.” बाईंचे गाल ह्या वयात लाल झाले. “मग? रागावले होते?”

“रागावला? वैनी, तो काय म्हणायचा, ऐका. ‘पाय पडला आणि तिचा चेहरा असा झाला, असे मोठे डोळे, कीं मला हसूं फुटलें. होमापुढें हसलों तर आई जीव घेईल. कसातरी दाबलों. पण दुसऱ्या दिवसापासून तिला बघितलों कीं तेंच आठवतें, हसूं येतें. म्हणून बघतच नाहीं. भिंतीकडें बघतों. आई म्हणते, किती मर्यादशील पोरगा. पुढच्या रजेंत दोघांना कुठें तरी लांब जायचें आहे, समुद्रावर, तिथें तिच्याकडें बघून पोटभर हसेन.’”

स्वयंपाकघराच्या दारात सुंदरी हातात डाव घेऊन उभी होती.

“मला वाटलें मी आवडले नाहीं,” सरोजिनीबाई म्हणाल्या. त्या आता रडत होत्या, पण ताठ बसूनच. “लोक म्हणायचे, वीराची बायको, वीराची बायको. शाळेंत झेंड्याला बोलवायचे. मी मनांत म्हणायचे, कसली बायको? त्यांनीं मला बघितलेंसुद्धां नाहीं. ज्याला मी आवडले नाहीं त्याचा फोटो रोज पुसायचा. पुसला. कधीं चुकवलें नाहीं. पण असेंच वाटायचें.”

“तुमच्याशिवाय त्याला विषय नव्हता, वैनी. तुमच्या हातचा अंबट भात जनरलला पाठवणार होता. तुमच्या गाण्यानें शत्रू शरण येणार होता.”

“मला गायला येतच नाहीं!”

“तें त्याला कुठें ठाऊक?” अप्पा म्हणाले. “तुम्ही त्याच्यापुढें तोंड उघडलांत कधीं?”

आणि बाई हसल्या. डोळ्यांतून पाणी चाललेलं, आणि हसणं थांबेना. सुंदरी हसायला लागली, मी तर कधीच हसत आणि रडत होते. बाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “अजून सांगा.”

मग अप्पांनी सांगितलं. नौदलाची गोष्ट सांगितली, जेवण होईपर्यंत थांबलेली गोळी सांगितली, रणगाड्याला मारलेला धक्का सांगितला. बाई मध्येच अडवायच्या, हे कधी म्हणाले, तेव्हा पाऊस होता का, अंगावर काय होतं. अप्पांना सगळं आठवत होतं. ज्या माणसाकडून माझ्या हाती इतक्या वर्षांत एक वाक्य लागलं नव्हतं, तो बोलतच होता. माझ्या मनात आलं, लढून आलेल्यांच्या दोनच जाती असाव्यात, मुके आणि थापाडे, आणि एकानं दुसऱ्याचं ओझं उचललेलं असावं. सिंगारमला हसणाऱ्यांनी नकळत त्या दोघांनाही सांभाळलं होतं.

इतक्यात माझा मोबाइल वाजला. सत्या सर. संध्याकाळी कॅमेरा घेऊन येतोय, नेमका पत्ता सांगा. मी काहीतरी थाप मारायच्या बेतात होते, तर बाईंनी विचारलं, कोण? माफीचं शूटिंग, अमेरिका, सगळं मी भडाभडा सांगितलं, तशी त्यांनी हात पुढं केला. “द्या इकडें.”

त्या तमिळमध्ये बोलल्या, आणि खणखणीत. “कॅमेरा आणू नका, माझ्या घरी आज पाहुणे आहेत. माफी मागून झाली. तुमच्या त्या सिंगारमला अमेरिकेला वगैरे पाठवायचं नाही. त्या यूट्यूबच्या पोराला बोलावून हे मीच सांगेन. पण त्याला बायको का नाही? एवढा बोलणारा माणूस, त्याला ऐकणारं कुणी नको? त्याला बायको द्या. चांगली बोलकी.”

तिकडून सत्या सर काय म्हणाले कोण जाणे. बाईंनी मोबाइल मला परत दिला आणि फोटोकडं बघत बसल्या.

“बायका नवऱ्याच्या बढाया ऐकून कंटाळतात,” त्या म्हणाल्या. “शाळेंत माझ्या मैत्रिणी सांगायच्या, तीच तीच गोष्ट, कान किटले. मला कंटाळायचें होतें हो. तेवढंच राहून गेलें.”

मला वाटलं, आता अप्पा थांबतील. पण नाही. त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा तो आवाज लावला, वादिराजचा. जनरलच्या घोड्याला ताप आला होता त्याची नवीनच गोष्ट सुरू केली. घोडा ह्याच्याशिवाय कुणाच्या हातून औषध घेईना, मग जनरल स्वतः चालत आला, त्याच्यामागं अख्खी पलटण, त्याच्यामागं बँड. गोष्ट लांबत चालली. स्वयंपाकघरातून सुंदरीनं एकदा हाक मारली, पानं वाढलीत म्हणून. कुणाचं लक्ष नव्हतं. तिनं पुन्हा हाक मारली. अप्पा म्हणत होते, “‘आणि मग घोडा माझ्याकडें बघून म्हणतो...’”

सरोजिनीबाई खुर्चीतून उठल्या. कमरेला पदर खोचला.

“पुरे झालें तुमचें!” त्या म्हणाल्या. “रोज तेंच तेंच. भात निवतो आहे. उठा, जेवायला चला.”

ती घरच्या मराठीतली वैतागलेली हाक खोलीत तशीच राहिली. अप्पांकडं बघून मारलेली ती नव्हती, हे आम्हा तिघींनाही कळलं. अप्पांनाही कळलं. ते गुडघ्यावर हात ठेवून उठले, फोटोकडं एकदा बघितलं, आणि वादिराजच्याच आवाजात म्हणाले,

“आलों.”